रात्रीच्या बिल्डला युजरनेम कोण सांगणार? अडकलेल्या सबमॉड्यूलचं एक प्रकरण

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीतलं हे प्रकरण आहे. दूध संकलन केंद्रांवरच्या यंत्रांसाठी ही कंपनी सॉफ्टवेअर करते. वजनकाटा आणि फॅट मोजणारं यंत्र यांच्याकडून आकडे घ्यायचे, सभासदाच्या खात्यावर नोंद करायची, पावती छापायची, असं काम. कोड सी प्लस प्लसमध्ये. कोडच्या आवृत्त्या सांभाळायला कंपनी गिट हे साधन वापरते. तिचा स्वतःचा कोड तिच्याच सर्व्हरवरच्या गिटलॅबमध्ये, म्हणजे गिटचा कोड ठेवायच्या व्यवस्थेत, राहतो. बाहेरच्या ओपन सोर्स लायब्ररी मात्र गिटहब या सार्वजनिक साइटवरून सबमॉड्यूल म्हणून, म्हणजे एका रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) दुसरीचा दुवा ठेवून, थेट जोडलेल्या होत्या. रोज रात्री जेनकिन्स हे ठरलेली कामं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर सगळा कोड बांधतं आणि सकाळी टेस्टिंगवाल्यांना ताजी बिल्ड, म्हणजे चालवता येईल असं तयार सॉफ्टवेअर, मिळते. बिल्डची व्यवस्था बघणाऱ्या टीममध्ये मी होतो.

एका सोमवारी सकाळी बिल्ड मिळाली नाही. ती फेलही झाली नव्हती. जेनकिन्सच्या पानावर रात्रीचा जॉब अजून चालू दिसत होता आणि लॉगची शेवटची ओळ होती ‘क्लोनिंग इन्टू’, पुढे एका सबमॉड्यूलचा पाथ. त्यानंतर काही नाही. ना एरर, ना टक्केवारी. जॉब मारून पुन्हा लावला, तर त्याच ओळीवर येऊन थांबला.

अशा वेळी पहिला संशय नेटवर्कवर जातो. पण एजंट मशीनवरून, म्हणजे जेनकिन्सचे जॉब प्रत्यक्ष चालतात त्या मशीनवरून, गिटहब नीट उघडत होतं. डेव्हलपरांच्या मशीनवर तीच स्क्रिप्ट सुरळीत चालत होती. मग कोणीतरी तो जॉब नव्याने उभ्या केलेल्या डॉकर एजंटवर (बंदिस्त कंटेनरमध्ये चालणाऱ्या) लावून बघितला. याआधी हा जॉब तिथे कधी चाललेला नव्हता. तिथे तो अडकला नाही, काही सेकंदांत फेल झाला. एरर होता ‘कुड नॉट रीड युजरनेम’ आणि त्याच ओळीत पुढे ‘नो सच डिव्हाइस ऑर ॲड्रेस’. ओळीचा शेवट तेवढा वाचला गेला आणि तिकीट नेटवर्क टीमकडे गेलं. डॉकरचा काहीतरी वेगळाच घोळ आहे असं धरून तो एजंट बाजूला ठेवला. प्रत्यक्षात एका एजंटवर गप्प बसणं आणि दुसऱ्यावर झटकन पडणं ही एकाच कारणाची दोन रूपं होती, आणि त्या दुसऱ्या एजंटने उत्तर जवळजवळ लिहूनच दिलं होतं.

प्रश्न विचारला जात होता, पण कुठे?

एचटीटीपीएसवरून रिपॉझिटरी आणताना सर्व्हरने ओळख मागितली, तर गिट ती ठरलेल्या क्रमाने शोधतं. आधी क्रेडेन्शियल हेल्पर, म्हणजे कुठे काही साठवून ठेवलं आहे का. मग आस्कपास नावाचा मदतनीस प्रोग्राम नेमलेला आहे का: एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या किमतींमध्ये), नाहीतर गिटच्या कॉन्फिगमध्ये, नाहीतर एसएसएच या सुरक्षित जोडणीच्या दुसऱ्या पद्धतीसाठी ठेवलेला. यातलं काहीच नसेल तर शेवटी टर्मिनलवर माणसाला विचारायचं.

हा शेवटचा टप्पा बारकाईने बघण्यासारखा आहे. गिट इथे स्टँडर्ड इनपुटवरून वाचत नाही आणि प्रश्न स्टँडर्ड आउटपुटवर लिहीतही नाही. ते थेट ‘डेव्ह-टीटीवाय’ उघडतं, म्हणजे त्या प्रोसेसच्या मागे जे टर्मिनल असेल ते, आणि सवाल-जवाब तिथेच करतं. एसएसएचसुद्धा कीचा पासफ्रेज विचारताना किंवा अनोळखी सर्व्हर दिसल्यावर ‘जोडणी पुढे न्यायची का’ असं विचारताना हेच करतं. जेनकिन्सच्या लॉगमध्ये फक्त स्टँडर्ड आउटपुट आणि एरर येतात, त्यामुळे हा प्रश्न लॉगमध्ये उमटतच नाही. आणि इनपुट ‘डेव्ह-नल’ या कायम रिकाम्या फाइलकडे वळवून ठेवलं की कोणी काही विचारणार नाही, हा समज इथे उपयोगाचा नाही, गिट त्या दाराने येतच नाही.

प्रोसेसच्या मागे टर्मिनलच नसेल, तर ‘डेव्ह-टीटीवाय’ उघडत नाही आणि ऑपरेटिंग सिस्टीम म्हणते, असं डिव्हाइस नाही. डॉकर एजंटवरचा एरर तो हाच. युजरनेम वाचायला टर्मिनल नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. नेटवर्कचा त्यात काही संबंध नव्हता.

मग जुन्या एजंटवर टर्मिनल कुठून आलं? पीएस कमांडने प्रोसेसचं झाड काढलं. वर जेनकिन्सचा एजंट, खाली शेल, त्याखाली गिट सबमॉड्यूल, मग गिट क्लोन आणि सगळ्यात खाली एचटीटीपीएस हाताळणारा गिटचा छोटा प्रोग्राम. सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या प्रोसेसपुढे टीटीवायच्या रकान्यात प्रश्नचिन्ह असतं. इथे वरपासून खालपर्यंत ‘पीटीएस ३’ असं होतं. कधीतरी मशीन रीस्टार्ट झाल्यावर कोणीतरी घाईत टीमक्सच्या (मागे चालू ठेवता येणाऱ्या टर्मिनलच्या) खिडकीत जावाची कमांड टाइप करून एजंट हाताने सुरू केला होता आणि खिडकी मागे सोडून दिली होती. एजंट तेव्हापासून तसाच चालू होता. त्या टीमक्सला जोडून घेतलं. वर एजंटचे थोडे जुने संदेश होते, आणि त्याखाली ‘युजरनेम फॉर’, पुढे गिटहबचा पत्ता आणि लुकलुकणारा कर्सर.

जेनकिन्सचं गिट प्लगइन आपल्या कमांडना वेळमर्यादा लावतं. ती मुळात १० मिनिटांची असते. पण सबमॉड्यूल आणायचं काम इथे प्लगइनकडे नव्हतंच. ते बिल्डच्या शेल स्क्रिप्टमध्ये होतं, कारण डेव्हलपरही आपल्या मशीनवर तीच स्क्रिप्ट चालवतात. ही पद्धत चांगली आहे, ती मोडा असं मी म्हणणार नाही. मात्र स्क्रिप्टमधल्या गिटला प्लगइनची वेळमर्यादा लागू होत नाही, आणि गिटची स्वतःची अशी एकूण वेळमर्यादा काही नसते. प्रश्न विचारला की ते उत्तराची वाट बघतं, मग कितीही वेळ जावो.

लॉगिनचा प्रश्न, पण दुखणं दुसरंच

कर्सर दिसल्यावर खोलीतल्या सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला: गिटहबला आता लॉगिन लागतंय. तो अगदीच हवेतला नव्हता. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं आणि टोकन (पासवर्डऐवजी वापरायचा, ठरावीक अधिकारांचा संकेत) किंवा एसएसएच की आवश्यक केली. तेव्हा अनेकांच्या बिल्ड पडल्या आणि ‘गिटहबने काहीतरी बदललं असेल’ हे वाक्य टीमांच्या तोंडी बसलं. एका सीनिअर डेव्हलपरने मदतीच्या भावनेने स्वतःच्या खात्याचं टोकन काढलं, एजंटवर गिटचं क्रेडेन्शियल स्टोअर चालू केलं आणि टोकन त्यात ठेवलं. प्रॉम्प्ट गेला. बिल्ड तरीही झाली नाही. आता एरर आला, ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’.

खरी बातमी ही होती. ती लायब्ररी सार्वजनिक होती, तिला लॉगिन कधी लागलंच नव्हतं. तिच्या मालकाने रिपॉझिटरी काढून टाकली होती किंवा खाजगी केली होती. दोन्हींपैकी नेमकं काय, हे बाहेरच्याला कळत नाही. ते कळू नये म्हणूनच गिटहब असं वागतं. अमुक नावाची खाजगी रिपॉझिटरी आहे, ही माहितीसुद्धा परक्याला द्यायची नाही. म्हणून पत्ता अस्तित्वात नसो किंवा तिथे जायची परवानगी नसो, ओळख न दाखवता आलेल्या गिटला एकच उत्तर मिळतं: ४०१, आधी ओळख दाखवा. गिट ते शब्दशः घेतं आणि युजरनेम मागतं. पत्त्यातलं एक अक्षर चुकलं तरी हेच घडतं.

तपासायची रीत सोपी आहे. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता, तोच पत्ता उघडायचा. ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, आलं तर विषय टोकनचा नाही. सार्वजनिक लायब्ररीसाठी लॉगिन मागितलं जात असेल, तर टोकन शोधण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ती न केल्यामुळे माणसं बिल्ड मशीनवर नको ती गुपितं ठेवून बसतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

सोमवारीच का? कारण शनिवारी एजंटची डिस्क भरली म्हणून वर्कस्पेस, म्हणजे जॉबचं कामाचं फोल्डर, पुसून टाकली होती. तोपर्यंत त्या सबमॉड्यूलची पूर्ण प्रत वर्कस्पेसच्या गिट फोल्डरमध्ये पडून होती. हवा असलेला कमिट (कोडची नोंदवलेली विशिष्ट अवस्था) आधीच हाताशी असला की सबमॉड्यूल अपडेट करताना गिट सर्व्हरकडे जातच नाही. म्हणजे लायब्ररी त्याच्या कितीतरी आधी गेलेली असू शकते आणि आमची बिल्ड जुन्या प्रतीच्या जोरावर हिरवी दिसत होती. डेव्हलपरांच्या मशीनवर सगळं चालत होतं तेही याच कारणाने.

लायब्ररी परत मिळाली ती एका डेव्हलपरच्या लॅपटॉपवरून. लॅपटॉपवरची प्रत खरी कशावरून, असा प्रश्न कोणीतरी विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता. सबमॉड्यूलची नोंद मुख्य रिपॉझिटरीत ब्रँचच्या (पुढे सरकत राहणाऱ्या शाखेच्या) नावाने होत नाही, कमिटच्या हॅशने (मजकुरावरून काढलेल्या ओळखसंख्येने) होते, आणि तो हॅश त्या कमिटमधल्या फायली आणि मागचा सगळा इतिहास यांच्यावरूनच बनतो. लॅपटॉपवर तो हॅश असलेला कमिट आहे आणि गिटची अंतर्गत तपासणी निर्दोष निघते, म्हणजे कोड तोच. लायसन्स एमआयटी, म्हणजे प्रती करायला मोकळीक देणारं, होतं, त्यामुळे स्वतःकडे प्रत ठेवायला अडचण नव्हती. हॅशने बांधून ठेवण्याचा आणखी एक फायदा इथे सांगतो. जुन्या मालकाचं खातं किंवा नाव मोकळं झालं आणि दुसऱ्या कोणी त्याच नावाने रिपॉझिटरी उघडली, तर ब्रँचच्या मागे जाणारी बिल्ड निमूटपणे परक्याचा कोड उचलेल. हॅशने बांधलेली बिल्ड थांबेल.

आधी प्रश्नाचा रस्ता बंद

टोकन कुठून द्यायचं, कोणतं द्यायचं, ही चर्चा लगेच सुरू झाली होती. मी आग्रह धरला की आधी दुसरं काम करू: बिल्डला माणसाला विचारताच येणार नाही, अशी सोय. कारण चुकीच्या लॉगिनने पडलेली बिल्ड रात्री दोन वाजून एक मिनिटाने मेल पाठवते. विचारत बसलेली बिल्ड सकाळपर्यंत काही बोलत नाही, आणि तेवढा वेळ एजंटही अडवून ठेवते.

गिटमध्ये २०१५ सालच्या २.३ आवृत्तीपासून यासाठी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, ‘गिट टर्मिनल प्रॉम्प्ट’. त्याची किंमत शून्य ठेवली की गिट टर्मिनलकडे वळत नाही. ‘टर्मिनल प्रॉम्प्ट्स डिसेबल्ड’ असं सांगून बाहेर पडतं. गो भाषेचं टूल मॉड्यूल आणताना हे स्वतःहूनच शून्य करतं, त्यामुळे गोमध्ये काम करणाऱ्यांना हा एरर चांगलाच परिचयाचा आहे. पण हे व्हेरिएबल फक्त टर्मिनलचा रस्ता बंद करतं. आस्कपास त्याच्या आधी येतं, आणि डेस्कटॉप असलेल्या लिनक्स मशीनवर ते पासवर्डची खिडकी उघडून बसू शकतं. म्हणून आस्कपासच्या जागी आम्ही आमचीच छोटी स्क्रिप्ट नेमली. तिच्याबद्दल पुढे सांगतो. एसएसएचसाठी गिटला ‘बॅचमोड’ चालू असलेली एसएसएच कमांड दिली, म्हणजे पासफ्रेज, पासवर्ड, होस्टची खात्री, काहीच विचारलं जात नाही.

एजंट टीमक्समधून काढून सिस्टमडी या लिनक्सच्या व्यवस्थेची, मागे आपोआप चालणारी सर्व्हिस केला. जॉबला एकूण वेळमर्यादा घातली. ही दोन्ही कामं आळसाने राहून जातात, आणि दोन्हींपैकी एक जरी आधी झालेलं असतं तरी सोमवारची सकाळ वेगळी गेली असती.

विंडोजवर केंद्राच्या कॉन्फिगरेशनचं टूल बांधणारा एक एजंट होता. तिथली गोष्ट जास्त वाईट. विंडोजसाठीच्या गिटबरोबर गिट क्रेडेन्शियल मॅनेजर येतो आणि तो लॉगिनसाठी खिडकी उघडतो. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिस वेगळ्या सेशनमध्ये, शून्य क्रमांकाच्या, चालतात. तिथे उघडलेली खिडकी मशीनसमोर बसलेल्या माणसालाही दिसत नाही. क्रेडेन्शियल मॅनेजरला ‘इंटरॅक्टिव्ह कधीच नाही’ असं सांगणारी सेटिंग आहे. ती सिस्टीमच्या पातळीवर घातली.

हे सगळं खरंच काम करतंय का, हे तपासायला आम्ही मुद्दाम प्रतिकूल परिस्थिती उभी केली. टर्मिनल नसलेल्या कंटेनरमध्ये चाचणी घेऊन उपयोग नाही. तिथे बिल्ड एरवीही झटकन पडते. लिनक्सवर ‘स्क्रिप्ट’ नावाचीच एक कमांड आहे, ती दिलेल्या प्रोग्रामला खोटं टर्मिनल जोडून देते. त्या टर्मिनलच्या आत, रिकाम्या होम फोल्डरसह, अस्तित्वात नसलेल्या रिपॉझिटरीचा पत्ता देऊन बिल्ड चालवली. ती लगेच, स्पष्ट एरर देऊन पडली, तेव्हा पुढच्या कामाला हात घातला.

ओळख कोणाची?

त्या डेव्हलपरचं टोकन अजून एजंटवर होतं. गिटचं क्रेडेन्शियल स्टोअर होम फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये सगळं साध्या मजकुरात लिहितं. त्या एजंटवर चालणारा कुठलाही जॉब ती फाइल वाचू शकतो. टोकनला ‘रिपो’ हा संपूर्ण अधिकार दिलेला होता, म्हणजे त्या माणसाला दिसणाऱ्या प्रत्येक खाजगी रिपॉझिटरीत वाचायची आणि लिहायचीही परवानगी. टोकन त्याच दिवशी रद्द केलं, फाइल काढली, स्टोअर बंद केलं.

यात कोणाला बोल लावायचा हेतू नाही. माणसाचं लॉगिन यंत्राला उसनं देण्याची सवय व्हर्जन कंट्रोलइतकीच, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनांइतकीच, जुनी आहे. सीव्हीएस या गिटच्या आधीच्या साधनाच्या काळात लॉगिन ही स्वतंत्र कमांड होती आणि ती पासवर्ड हाताने टाइप करून घ्यायची; पासवर्ड मग होम फोल्डरमधल्या फाइलमध्ये अगदी किरकोळ अदलाबदल करून लिहिला जायचा. बिल्डला ते टाइपिंग जमत नाही म्हणून बिल्ड करणाऱ्या अँट या साधनामध्ये ती फाइल परस्पर लिहिणारं एक खास टास्क होतं. सबव्हर्जन या त्यानंतरच्या साधनाने ‘नॉन-इंटरॅक्टिव्ह’ हा पर्याय दिला आणि सर्टिफिकेटचा ‘नाकारू, तात्पुरतं स्वीकारू की कायमचं’ हा प्रश्नही त्याने टाळता येतो. पर्फोर्स या अशाच आणखी एका साधनात लॉगिन केल्यावर तिकीट मिळतं आणि ते मुळात १२ तास चालतं; दिवसा हाताने लॉगिन करून लावलेली बिल्ड रात्री मध्येच का पडते, याचं उत्तर बरेचदा तिथे सापडतं. प्रत्येक ठिकाणी मूळ अडचण सारखीच: यंत्राला स्वतःचं नाव नाही, म्हणून ते कोणाच्या तरी नावाने वावरतं.

आणि बिल्ड मशीन हे गुपितं चोरणाऱ्यांचं आवडतं ठिकाण आहे. कोडकोव्ह या टेस्टचा अहवाल देणाऱ्या सेवेच्या अपलोड स्क्रिप्टमध्ये ३१ जानेवारी २०२१ पासून फेरफार झालेला होता, तो १ एप्रिलला लक्षात आला; तोपर्यंत ती स्क्रिप्ट बिल्डच्या एन्व्हायर्नमेंटमधल्या किमती बाहेरच्या सर्व्हरला पाठवत होती. सर्कलसीआय या बिल्ड चालवून देणाऱ्या सेवेने ४ जानेवारी २०२३ रोजी आपल्या सगळ्या ग्राहकांना साठवलेली सगळी गुपितं बदलायला सांगितली. अशा दिवशी तुमच्या बिल्डकडे एका फोल्डरपुरतं, फक्त वाचायचं टोकन आहे की सीनिअर डेव्हलपरचं संपूर्ण खातं आहे, यावर पुढचा सगळा आठवडा ठरतो.

आमच्यापुढे पर्याय बरेच होते. गिटहबची डिप्लॉय की (यंत्रासाठी काढलेली एसएसएच की) एका रिपॉझिटरीपुरतीच चालते. तीच की दुसरीकडे लावता येत नाही, म्हणून सबमॉड्यूल बरीच असली की कींचा पसारा होतो. गिटहब ॲपचं टोकन तासाभरात संपतं, सुरक्षेच्या दृष्टीने ते उत्तम. गिटलॅब किंवा गिटहबच्या स्वतःच्या सीआयमध्ये (बिल्ड आपोआप चालवण्याच्या सोयीमध्ये) प्रत्येक जॉबला तात्पुरतं टोकन आपोआप मिळतं, पण आम्ही जेनकिन्सवर होतो. शेवटी जो निर्णय झाला तो लॉगिनच्या प्रश्नाला वळसा घालणारा होता. बाहेरच्या सगळ्या लायब्ररींच्या प्रती कंपनीच्या गिटलॅबमध्ये एका ग्रुपखाली आणल्या आणि सबमॉड्यूलचे पत्ते मुख्य रिपॉझिटरीच्या सापेक्ष लिहिले. असे पत्ते असले की मुख्य रिपॉझिटरी ज्या मार्गाने आणली त्याच मार्गाने सबमॉड्यूल येतात: डेव्हलपर एसएसएचने आणतो, बिल्ड एचटीटीपीएसने, आणि फाइल दोघांसाठी तीच. बिल्डला त्या गिटलॅब ग्रुपचं एकच डिप्लॉय टोकन दिलं, फक्त रिपॉझिटरी वाचण्याच्या अधिकाराचं आणि मुदत घातलेलं. गिटहबकडे रात्री जायची गरजच संपली.

टोकन पत्त्यात घालायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. पत्त्यात घातलेलं टोकन क्लोनच्या कॉन्फिगमध्ये लिहिलं जातं, पीएसच्या यादीत दिसतं, कधी लॉगमध्येही येतं. ते जेनकिन्सच्या क्रेडेन्शियलमधून फक्त त्या पायरीपुरतं एन्व्हायर्नमेंटमध्ये येतं आणि आस्कपासची स्क्रिप्ट ते गिटला देते. स्क्रिप्ट जेमतेम सात-आठ ओळींची आहे. गिट तिला एकच गोष्ट देतं, प्रश्नाचा मजकूर: ‘युजरनेम फॉर’ किंवा ‘पासवर्ड फॉर’ आणि पुढे सर्व्हरचा पत्ता. स्क्रिप्ट आधी पत्ता बघते. त्यात आमच्या गिटलॅबचं नाव असेल तरच युजरनेम किंवा टोकन छापते. दुसरा कुठलाही सर्व्हर असेल तर काहीही न छापता अपयशाचा कोड देऊन बाहेर पडते. ही तपासणी अनेक नमुन्यांत नसते आणि तिच्याशिवाय ही स्क्रिप्ट धोकादायक आहे: कोणी सबमॉड्यूलचा पत्ता बदलून स्वतःच्या सर्व्हरकडे वळवला आणि त्या सर्व्हरने ओळख मागितली, तर बिल्ड टोकन त्याच्या हातात ठेवेल. आस्कपास अपयशी ठरल्यावर गिट पुन्हा टर्मिनलकडे वळतं, म्हणून प्रॉम्प्टचं व्हेरिएबल शून्य असणं इथेही लागतं. दोन्ही जोडीनेच हवेत.

होस्ट की

काही जुने जॉब एसएसएचवर होते. त्यांच्या कमांडमध्ये होस्ट कीची, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या कीची, तपासणी सरळ बंद केलेली होती, कारण नवा एजंट आला की ‘ओळख पटत नाही, पुढे जाऊ का’ हा प्रश्न यायचा. प्रश्न टाळायचा हा मार्ग मला मान्य नाही. २४ मार्च २०२३ रोजी, आपल्याकडे सकाळी साडेदहाच्या सुमारास, गिटहबने आपली आरएसए होस्ट की बदलली, कारण तिची खाजगी बाजू एका सार्वजनिक रिपॉझिटरीत थोडा वेळ उघडी पडली होती. ज्यांची तपासणी चालू होती त्यांच्या बिल्ड त्या दिवशी पडल्या आणि त्यांनी बातमी वाचून नवी की घातली. ज्यांनी तपासणी बंद केली होती त्यांची बिल्ड लॉगमध्ये एक इशारा सोडून पुढे गेली असणार. मधल्या मध्ये कोणी खोटा सर्व्हर उभा केला असता, तरीही तशीच गेली असती.

ओपनएसएसएचमध्ये ७.६ आवृत्तीपासून ‘ॲक्सेप्ट-न्यू’ असा मधला पर्याय आहे: नवा सर्व्हर स्वीकार, बदललेला नाकार. कायमस्वरूपी मशीनवर तो ठीक. दर वेळी नव्याने जन्मणाऱ्या कंटेनरला मात्र प्रत्येक सर्व्हर नवाच असतो, तिथे या पर्यायाने काहीच राखलं जात नाही. आम्ही गिटलॅबची होस्ट की एजंटच्या इमेजमध्येच (कंटेनर ज्यापासून बनतो त्या साच्यातच) घातली. की बदलली की इमेज नव्याने करावी लागेल, आणि तेवढं काम कोणीतरी समजूनउमजून करावं हे योग्यच आहे.

कोरी बिल्ड

वर्कस्पेसमधल्या जुन्या प्रतीमुळे लायब्ररी गेल्याचं लपून राहिलं होतं, म्हणून आठवड्यातून एकदा, रविवारी, सगळं पुसून रिकाम्या कंटेनरमध्ये बिल्ड करायचं ठरलं. वेळ जास्त लागतो, त्यामुळे रोज करत नाही.

पहिल्याच कोऱ्या बिल्डने आणखी एक गोष्ट बाहेर काढली. एका लायब्ररीच्या आत तिचं स्वतःचं सबमॉड्यूल होतं आणि त्याचा पत्ता जुन्या, विनाओळख ‘गिट’ प्रोटोकॉलचा होता. गिटहबने तो प्रोटोकॉल १५ मार्च २०२२ पासून कायमचा बंद केला आहे. ही फाइल बाहेरच्या लायब्ररीची. तिच्यात बदल केला तर कमिटचा हॅश बदलतो. इथे गिटच्या कॉन्फिगमधली ‘इन्स्टेड-ऑफ’ ही सोय कामी आली: अमुक सुरुवातीचा पत्ता दिसला की त्याऐवजी तमुक पत्ता घे. एजंटच्या इमेजमध्ये ते नियम घातले आणि गिटहबकडे जाणारे सगळे पत्ते, जुने-नवे दोन्ही, आमच्या प्रतींकडे वळवले. प्रत नसलेला पत्ता आला की बिल्ड तिथेच पडते आणि कोणती लायब्ररी आणायची राहिली ते लॉगमध्ये दिसतं. नवी लायब्ररी जोडणाऱ्या डेव्हलपरला यामुळे आधी प्रत करून घ्यावी लागते. सुरुवातीला यावर कुरबुर झाली. प्रत करायचं काम एका जेनकिन्स जॉबवर सोपवल्यावर ती थांबली.

एक प्रश्न मात्र आम्ही मुद्दाम ठेवला. केंद्रांवर जाणाऱ्या अंतिम रिलीजवर डिजिटल सही होते, आणि सहीची की यूएसबी टोकनमध्ये असून तिला पिन लागतो. तो पिनही जेनकिन्समध्ये ठेवून टाकू, अशी सूचना आली होती. तिथे आम्ही नाही म्हटलं. सही करणं म्हणजे हे सॉफ्टवेअर शेतकऱ्याच्या दुधाचे पैसे मोजायला योग्य आहे असं कोणीतरी जबाबदारीने सांगणं, आणि ते माणसानेच करायचं. म्हणून सही रात्रीच्या बिल्डमधून बाहेर काढली. बिल्ड सही नसलेली फाइल आणि तिचा हॅश ठेवून संपते. दिवसा रिलीजची जबाबदारी असलेली व्यक्ती वेगळ्या मशीनवर तो हॅश जुळवून बघते, पिन टाकते आणि सही करते.